नाताळच्या महिन्यात ग्रामपंचायतीचा फॉर्म

जुलै 2021 मध्ये आमच्या चुलत सासूबाई गेल्या. आमची दफनभूमी नाल्यापल्याड आहे आणि त्या दिवशी नाल्याला कमरेएवढं पाणी होतं. बारा-तेरा जण दोर धरून पाण्यात उतरले, पेटी डोक्यावर घेऊन पलीकडे गेले. आम्ही बायका अलीकडच्या काठावर उभ्या राहिलो. आमच्या चर्चच्या पाळकांची प्रार्थना पाण्याच्या आवाजात आमच्यापर्यंत पोचलीच नाही. रात्री नवऱ्याने विचारलं, "नाल्यावरच्या फरशी पुलासाठी आपण कधी अर्ज दिलाय का गं?" कुणीच दिला नव्हता. त्या वाटेसाठी आमच्या ख्रिस्ती मंडळीत दर पावसाळ्यात प्रार्थना व्हायची, पण ग्रामसभेला आमच्यातलं कुणी जात नव्हतं.

हे मला फार लागलं. त्यानंतरच्या दोनेक वर्षांत जे जे केलं, ते तारखा आणि खर्चासकट इथे लिहून ठेवते. आमच्या नवापूर तालुक्यातल्या दोघी-तिघींनी ग्रामपंचायत निवडणुकीचा फॉर्म कसा भरायचा ते विचारलं. त्याहून जास्त वेळा विचारलं गेलं ते हे, की विश्वासी, म्हणजे ख्रिस्तावर विश्वास ठेवणाऱ्या, माणसाने निवडणुकीत पडावं का.

सुरुवात निवडणुकीची नव्हती. 2022 च्या फेब्रुवारीत भाच्याला कॉलेजातून जात पडताळणीचा अर्ज भरायला सांगितलं. भाऊ सुरतेला कामाला, त्यामुळे कागद जमवायचं काम माझ्याकडे आलं. आम्ही मावची. अनुसूचित जमातींच्या यादीत गामित, गामटा, गावित, मावची, पाडवी अशी एकत्र नोंद आहे. त्या यादीचा आदेश निघाला 6 सप्टेंबर 1950 ला, म्हणून त्याआधीचा कागद असला तर त्याला मोठं वजन. माझ्या आजाचा शाळेचा दाखला घरात होता, 1944 सालचा, मिशनच्या शाळेतला. त्यात जातीच्या रकान्यात एकच शब्द होता: ख्रिस्ती.

तो कागद हातात धरून मी किती वेळ बसले असेन! गावात कुजबुज चालायचीच, की ख्रिस्ती झालेल्यांची जमात जाते, सवलती काढून घेणार आहेत. लहानपणापासून ऐकलेलं, पण खरं काय ते कुणाला विचारायचं धाडस केलं नव्हतं. शेवटी आमच्या मंडळीतल्या निवृत्त गुरुजींनी समजावलं. 1950 चा अनुसूचित जातींचा आदेश वेगळा आणि जमातींचा वेगळा. जातींच्या आदेशात धर्माची अट आहे. आधी फक्त हिंदू, मग 1956 ला शीख आणि 1990 ला बौद्ध त्यात आले. ख्रिस्ती दलित आजही बाहेर आहेत. जमातींच्या आदेशात धर्माची अट मुळातच नाही. "तू कुणाची प्रार्थना करतेस ते कुणी विचारणार नाही असं मी म्हणत नाही," गुरुजी म्हणाले, "विचारतील. पण त्यावरून तुझी जमात जात नाही. मावची असल्याचं मात्र तुलाच दाखवावं लागेल."

मग तहसीलच्या अभिलेख कक्षात गेले. गाव नमुना 14 म्हणजे जुनी जन्म-मृत्यूची नोंदवही, लोक तिला कोतवाल बुक म्हणतात. साध्या कागदावर अर्ज, त्याला कोर्ट फीचं तिकीट, गावाचं नाव आणि अंदाजे साल. साल नक्की माहीत नसेल तर पुढची-मागची पाचेक वर्षं लिहा, नाहीतर पुन्हा अर्ज करावा लागतो. मी तीन खेपा घातल्या. तिसऱ्या वेळी साक्रीकडचे एक कर्मचारी होते. त्यांनी पिवळं पडलेलं पान माझ्याकडे वळवलं आणि म्हणाले, "हाई दखा ताई, तुमना आजानं नाव शे आठे." 1936 साल. बापाचं नाव, गावाचं नाव आणि जात: मावची. मोडी अक्षर असेल तर लिप्यंतर करून घ्यावं लागतं, आमचं नशीब की देवनागरीत होतं. एकाच मुलाची आठ वर्षांच्या अंतराने झालेली ही दुसरी ओळख. दोन्ही कागद अर्जाला जोडायचे की ख्रिस्ती लिहिलेला लपवायचा, यावर भावाशी फोनवर वाद झाला. मी दोन्ही जोडले. लपवलेला कागद चौकशीत बाहेर आला तर मग आपलं बाकीचंही कुणी खरं मानत नाही.

जुलैत जात पडताळणीच्या दक्षता पथकाचे दोघं घरी आले. आधी फोन आला होता, म्हणून काकांना बोलावून ठेवलं होतं. त्यांना विचारलं, कुळ कोणतं, लग्नं कुणाकुणात होतात, देज (मुलीच्या घरी द्यायची रक्कम) किती देता, मेल्यावर काय करता, देव कोणते? मी दाराशी उभी होते आणि माझ्या पोटात गोळा आला होता. काका सावकाश बोलले. म्हणाले, "देव येशू. माझ्या आजाच्या वेळेपासून. पण वाघदेव कुठे बसतो, त्याचा दिवस कधी असतो, तेही सांगतो. याहा मोगी देवीला माझी सख्खी आत्या दरवर्षी चालत जायची, तिचं घर आजही पूजतं. लग्नात देज आम्ही देतो, गाणी आमचीच आहेत. भाऊबंद तेच आणि बोली पण तीच." साहेबांनी सगळं लिहून घेतलं, काकांनी सही केली. पंचनामा पूर्ण वाचून मगच सही करा आणि त्याची प्रत मागा, एवढं माझ्याकडून लक्षात ठेवा. सप्टेंबरच्या शेवटी भाच्याचं वैधता प्रमाणपत्र आलं. एकूण खर्च, खेपांचं भाडं धरून, 2,300 रुपये. पुढे मार्च 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की आप्तभावाची चाचणी, म्हणजे रीतिरिवाज आणि देव विचारून जमात ठरवणं, हीच एकमेव कसोटी धरता येत नाही. ती बातमी वाचली तेव्हा काकांचा चेहरा डोळ्यांसमोर आला.

मधे 1 मे 2022 ची ग्रामसभा झाली. तिथे मी पहिल्यांदा फरशीचा अर्ज घेऊन उभी राहिले. आवाज कापत होता. एकाने म्हटलं, "ते तुमच्या चर्चचं काम, तुमच्या मिशनला सांगा." मी खाली बसणारच होते, तेवढ्यात मागून एक म्हातारे बाबा बोलले, "आमचं मसणही त्याच नाल्याच्या पल्याड आहे. माझ्या बायकोला मी दोन दिवस घरात ठेवलं होतं." मला हे ठाऊकच नव्हतं. एवढी वर्षं तो नाला मला फक्त आमच्या दफनभूमीचा वाटत होता. अर्जात मी त्याच जागी पेनाने "दफनभूमी व स्मशानभूमी" असं केलं आणि बाबांचा अंगठा घेतला. दहन-दफनभूमी आणि तिथल्या रस्त्यासाठी जनसुविधेचं अनुदान असतं. आमचं गाव पेसात, म्हणजे आदिवासी भागातल्या ग्रामसभांच्या कायद्यात, येतं, त्यामुळे आदिवासी उपयोजनेतला पाच टक्के अबंध (ठरावीक कामाला न बांधलेला) निधी थेट ग्रामपंचायतीला येतो. पैसा कुठून येऊ शकतो हे माहीत असलं की उत्तर देणाऱ्याला नुसतं "बघू" म्हणता येत नाही. पण विषय गावाच्या आराखड्यात गेला नाही, आणि त्याच दिवशी मी ठरवलं की निवडणुकीला उभं राहायचं.

9 नोव्हेंबर 2022 ला निवडणूक जाहीर झाली, राज्यातल्या 7,751 ग्रामपंचायतींची. अर्ज 28 नोव्हेंबर ते 2 डिसेंबर, छाननी 5 ला, माघार 7 ला दुपारी तीनपर्यंत, मतदान 18 ला, मोजणी 20 ला. आमच्या वॉर्डात एक जागा अनुसूचित जमाती स्त्रीसाठी होती. ग्रामपंचायतीला पक्षाचं चिन्ह नसतं, पॅनल असतात. मी कुठल्याच पॅनलमध्ये नव्हते.

कागदांचं सांगते. मतदार यादीतल्या आपल्या नावाचा उतारा. जातीचा दाखला, आणि वैधता प्रमाणपत्र नसेल तर पडताळणीच्या अर्जाची पोच व मुदतीत प्रमाणपत्र देण्याचं हमीपत्र. शौचालय वापराचा दाखला. घरपट्टी-पाणीपट्टीची बाकी नसल्याचा दाखला. दोन अपत्यांचं घोषणापत्र. मालमत्तेचं आणि गुन्ह्यांचं घोषणापत्र. निवडणुकीसाठी वेगळं बँक खातं. 1 जानेवारी 1995 नंतरचा जन्म असेल तर सातवी पास असल्याचाही कागद लागतो. लग्न झालेल्या बायकांनी जातीचा पुरावा माहेरचा जोडायचा आणि नाव बदलल्याचा कागद सोबत द्यायचा, इथे बऱ्याच जणी अडकतात. भाच्याचं वैधता प्रमाणपत्र रक्ताच्या नात्यातलं म्हणून माझ्या पडताळणीच्या अर्जाला जोडलं आणि तो अर्ज एका दिवसात तयार झाला. अनामत तेव्हा राखीव जागेला 100 रुपये, सर्वसाधारणला 500. शपथपत्रं, झेरॉक्स, फोटो मिळून माझे 740 गेले.

फॉर्म ऑनलाइन भरायचा होता. 29 आणि 30 तारखेला मी कॉम्प्युटरच्या दुकानात रात्री अकरापर्यंत बसले, पान उघडायचंच नाही. 1 डिसेंबरला राज्य निवडणूक आयोगाने हाताने भरलेला अर्जही चालेल असं सांगितलं आणि 2 तारखेची वेळ साडेपाचपर्यंत वाढवली. त्या दिवशी रांगेत चार तास उभी होते. शेवटच्या दिवसावर ठेवू नका, आणि कोरा छापील अर्ज आधीच घेऊन ठेवा. छाननी दहा मिनिटांत झाली.

खरी परीक्षा त्यानंतर आली. जागेला आम्ही तिघी होतो, आणि दुसरी उमेदवार आमच्याच मंडळीतली, नात्याने माझी नणंद. 6 डिसेंबरला संध्याकाळी मंडळीच्या पंच कमिटीने निरोप दिला की दोघींनी उपासना मंदिरात यावं, बसून ठरवू. मी निरोप परत पाठवला की मंदिरात येणार नाही. प्रार्थनास्थळाचा निवडणुकीसाठी वापर करायचा नाही, जातीच्या-धर्माच्या नावाने मत मागायचं नाही, हे आचारसंहितेत स्पष्ट आहे. आणि आचारसंहितेत नसतं तरी मला ते पटलं नसतं. ज्या जागी मी पापांची क्षमा मागते, तिथे मतांची वाटणी कशी करू? मग बैठक गुरुजींच्या ओट्यावर झाली.

वडीलधारे म्हणाले, मंडळीची मतं फुटतील, एकीने माघार घ्या. दुसऱ्या बाजूचे दोघं म्हणाले, दोघीही माघार घ्या. विश्वासी माणसाचं राज्य या जगाचं नाही, राजकारण म्हणजे दारू आणि पैसे. दोन्ही गोष्टी माझ्या जिवाला लागल्या, कारण बोलणारे माझ्या भल्याचंच बोलत होते. मी एवढंच विचारलं, "मंडळीची मतं म्हणजे कुणाची? माझ्या सासूचं मत माझ्या सासूचं आहे. तिने मला द्यावं असं मला वाटतं, पण ते मंडळीने मला कसं द्यावं?"

गुरुजींनी तेव्हा एक गोष्ट सांगितली. देशाचं संविधान लिहिलं जात होतं तेव्हा धर्मावर आधारलेल्या राखीव जागांचा प्रश्न आला होता. अल्पसंख्याकांच्या उपसमितीचे अध्यक्ष हरेंद्रकुमार मुखर्जी होते, बंगालचे ख्रिस्ती, संविधान सभेचे उपाध्यक्ष. ख्रिस्ती समाजाच्या पुढाऱ्यांनी आपल्यासाठी वेगळ्या जागा नकोत अशी भूमिका घेतली, आणि मे 1949 मध्ये सभेने धर्माच्या आधारावरच्या राखीव जागा सोडून दिल्या. "त्यांनी शेजाऱ्यांवर भरवसा टाकला," गुरुजी म्हणाले, "आपण एका वॉर्डात तो टाकू शकत नाही का?" मग त्यांनी बायबलमधल्या यिर्मया संदेष्ट्याची आठवण दिली. बंदिवासात नेलेल्यांना सांगितलं होतं, की ज्या नगरात राहता त्याचं हित पाहा, त्यासाठी प्रार्थना करा. त्या नगरातले लोक त्यांच्या धर्माचे नव्हते. ओट्यावर बराच वेळ कुणी बोललं नाही. माझ्या नणंदेनेही माघार घेतली नाही. 7 तारखेला तीन वाजले आणि तिघी कायम राहिलो. मला चिन्ह मिळालं कपबशी.

प्रचाराला मोजके दिवस होते आणि ते नेमके कॅरलचे दिवस. आमची तरुण मुलं दरवर्षी नाताळच्या आधी घरोघरी गाणी म्हणत जातात, ख्रिस्ती घरी आणि बिगरख्रिस्ती घरीही. लोक चहा देतात, म्हातारे दारात येऊन बसतात. मी वीस वर्षं त्या गटात गाते. त्या वर्षी मुलं म्हणाली, "ताई, चल ना, गाण्यानंतर फक्त हात जोड, बोलू नको." मी गेले नाही. माझी मुलगी ढोलकी घेऊन गेली आणि मी अंधारात ओट्यावर बसून लांबून गाणी ऐकली. त्या रात्री मला रडू आलं, ते हरण्या-जिंकण्याचं नव्हतं. पण उमेदवार म्हणून त्या दारांत उभी राहिले असते, तर पुढच्या वर्षी आमचं गाणं ऐकताना लोकांनी मनात विचारलं असतं, आता काय मागायला आलेत? मंडळीच्या व्हॉट्सॲप गटात कुणीतरी कपबशीचा फोटो टाकला होता, तोही काढायला लावला.

11 तारखेच्या उपासनेत पाळकांनी गावातल्या सगळ्या उमेदवारांची नावं घेऊन प्रार्थना केली, सरपंचपदाच्या सगळ्यांची, आम्हा तिघींचीही. तिसरी बाई कधी मंदिरात आलेली नाही. तिचं नाव घेतल्यावर मागच्या बाकावर चुळबुळ झाली, पण पाळक थांबले नाहीत.

मी दिवसा शेतांवर आणि संध्याकाळी घरोघरी गेले. नाल्याचं बोलले, हातपंपाचं बोलले. दोन घरांनी सरळ विचारलं, "पाकीट किती?" नाही म्हणताना माझी मान खाली गेली, कारण ती घरं खरोखर अडचणीत होती. खर्चाची मर्यादा आमच्या नऊ सदस्यांच्या ग्रामपंचायतीला 25,000 होती. माझा हिशेब असा झाला: पत्रकं 1,400, बॅनर 900, रिक्षा आणि स्पीकर 2,600, चहा-नाश्ता 1,750, नमुना मतपत्रिका 600. एकूण 7,250. रोजचा खर्च त्याच दिवशी ट्रू व्होटर ॲपमध्ये भरा आणि चहावाल्याकडूनही पावती घ्या. नमुना मतपत्रिकेवर खर्च करायला कचरू नका. सरपंचाचं वेगळं आणि सदस्यांच्या प्रत्येक जागेचं वेगळं बटण असतं, म्हाताऱ्या बायका पहिलं बटण दाबून निघायला लागतात.

18 डिसेंबर रविवार होता. मतदान साडेसात ते साडेपाच. सकाळची उपासना ठेवली तर सगळे एकत्र निघून केंद्रावर जाणार आणि ते झुंडीसारखं दिसणार, म्हणून पाळकांनी ती संध्याकाळी सहाला घेतली. लोक बोटाला शाई लावून आले. माझी नणंद माझ्याच बाकावर बसली होती. आम्ही एकाच पुस्तकातून गायलो.

20 तारखेला तहसीलला मोजणी झाली. तिसऱ्या बाईला 171, मला 157, नणंदेला 88, नोटाला 6. बेरीज करायला कुणाला वेळ लागला नाही. बाहेर आल्यावर आमचेच एक भाऊ मला म्हणाले, "245 मतं होती आपली. तू दान केलीस." मी काही बोलले नाही. नाताळच्या दिवशीही दोन कुटुंबं माझ्याशी बोलली नाहीत, त्यातलं एक अजून बोलत नाही. मी चुकले का, हा प्रश्न मी प्रार्थनेत पुष्कळदा ठेवला आहे. हरल्याचं दुःख होतं आणि आहे. पण त्या 157 मध्ये त्या म्हाताऱ्या बाबांच्या गल्लीतली मतंही आहेत. ते आणि त्यांचा मुलगा निकालाच्या संध्याकाळी घरी येऊन बसले होते. 245 "आपली" म्हटली की ती मतं माझ्या हातून हिरावली जातात, आणि त्या माणसांचंही काही राहत नाही.

हरलेल्यांनाही खर्चाचा हिशेब निकालापासून 30 दिवसांत द्यावा लागतो, हे खूप जणांना ठाऊक नसतं. दिला नाही तर पाच वर्षांपर्यंत अपात्र ठरवू शकतात. नणंद म्हणाली, हरले तर आता कशाला? मी तिला घेऊन बसले. तिच्या पावत्या पिशवीत कोंबलेल्या होत्या, दोन संध्याकाळी लागल्या. 12 जानेवारीला आम्ही दोघींनी मिळून हिशेब दिला आणि शिक्क्यासह पोच घेतली. पोच जपून ठेवा, त्याचा फोटोही काढून ठेवा.

26 जानेवारीच्या ग्रामसभेत मी तोच अर्ज पुन्हा दिला. या वेळी वाचायला निवडून आलेली ती तिसरी बाई उभी राहिली, कारण आता ती सदस्य होती. मी आदल्या दिवशी तिच्या घरी जाऊन कागद दाखवले होते. सूचक म्हणून तिचं नाव लागलं, अनुमोदक म्हणून त्या बाबांच्या मुलाचं. ठराव लिहिला गेला, त्याचा क्रमांक मी वहीत उतरवून घेतला. फेब्रुवारीत पंचायत समितीचे शाखा अभियंता येऊन नाल्याचं माप घेऊन गेले. 1 मे च्या ग्रामसभेत विचारलं तेव्हा अंदाजपत्रक तयार होतंय असं उत्तर मिळालं. तेही इतिवृत्तात लिहून घ्यायला लावलं.

फरशी अजून झालेली नाही. जूनच्या पहिल्या पावसाच्या आधी पंचायत समितीत एकदा जाऊन यायचं आहे. मंगळवारी नणंद आणि मी सकाळच्या एसटीने निघणार आहोत, बाबांचा मुलगा तिकडे परस्पर येईल.